थंडीतल्या दोघांच्या भेटी: बेळगाव परिसरातली तळी, धरणं आणि पहाटा

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यात थंडी दिवसभर राहत नाही, ती तासांनी मोजायची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८-२९ वर चढलेला असतो. न्याहारी उरकून अकराला निघालेल्या जोडप्याला धरणावर ऊन, धूळ आणि डोळे दिपवणारं पाणी एवढंच मिळतं. म्हणून पहाटे पाच ते साडेआठ किंवा सूर्य मावळल्यानंतरचे दोन तास, यांतलं एक ठरवा. आणि एका भेटीला एकच जागा. राजहंसगड, राकसकोप आणि जांबोटी एकाच दिवसात बसवली की सगळा वेळ गाडीवर जातो आणि बोलायचं तेवढं राहून जातं.

राकसकोपची पहाट

मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर, पश्चिमेला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. इथं जायचं ते पाण्यावरचं धुकं बघायला. रात्री आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि हवा लवकर गार होते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून राहतं. त्या पाण्यावरची वाफ गार हवेत शिरली की तिचं धुकं होतं. आदल्या रात्री अंगणात उभे राहून बघा: चांदण्या लखलखीत आणि झाडाचं पान हलत नाही, तर गजर लावा. ढग किंवा वारा असेल तर झोपा, धुकं मिळणार नाही.

डिसेंबरअखेर सूर्य सातच्या आसपास उगवतो, संक्रांतीच्या सुमारास आणखी चार-पाच मिनिटं उशिरा. धुक्याची खरी गंमत त्याआधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास. साडेसहाला काठावर पोचायचं, म्हणजे शहरातून पावणेसहाला निघायचं. उगवता सूर्य पाण्यापलीकडून यायला हवा असेल तर पश्चिमेच्या काठाला बसा. धरणाच्या भिंतीकडे जायचं तर पहाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच. हे पिण्याचं पाणी आहे. त्यात पाय घालू नका, खरकटं टाकू नका.

एक धोका सगळ्याच जलाशयांवर आहे. थंडीत पाणी मागं सरकत जातं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून तो वाळून कडक, भेगाळलेला दिसतो, पण पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत जातो. मातीचा रंग जिथं गडद व्हायला लागतो त्याच्या दहा पावलं अलीकडेच सतरंजी टाका. सतरंजीखाली प्लास्टिकचं कापड हवंच, नाहीतर दवानं दहा मिनिटांत बैठक ओली होते.

चहा घरून न्यायचा तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि मग चहा भरा. एवढ्यानं चहा कितीतरी जास्त वेळ गरम राहतो. आलं दुधात थेट किसून घालू नका, दूध फाटतं. ते आधी पाण्यात चहापत्तीबरोबर चांगलं उकळू द्या, दूध शेवटी घाला आणि पुन्हा एक उकळी आणा. दुधाचा चहा दोन तासांच्या आत संपवा, नंतर चव उतरते. बरोबर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही. बिस्किटांपेक्षा हे केव्हाही बरं, कारण गार हवेत भूक मोठी लागते.

दुचाकीवर जाताना

थंडी मागं बसणाऱ्यापेक्षा चालवणाऱ्याला जास्त लागते, आणि ती छातीवर आणि गुडघ्यांवर. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या दोन घड्या ठेवा, वारा अडतो. दोघांनाही हातमोजे आणि हेल्मेटखाली पातळ कानटोपी. मागं बसणारीनं शाल पांघरली असेल तर तिची टोकं बांधून घ्यावीत, सुटलेलं टोक चाकात जातं.

याहून मोठी काळजी उसाच्या ट्रॅक्टरची. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन थंडीत असतो आणि पहाटे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागचे दिवे अनेकदा नसतात, असले तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेले असतात. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा, वर केला तर समोर पांढरी भिंत दिसते. वेग चाळीसच्या आत. लांबचा पल्ला असेल तर सरळ चारचाकी घ्या, किंवा तांबडं फुटल्यावर निघा.

हिडकल आणि धूपदाळ

पूर्ण दिवस हाताशी असेल तर घटप्रभेच्या काठाला जा. हिडकल धरण बेळगावपासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर, हुक्केरी तालुक्यात आहे. पण थंडीत तिथल्या भिंतीपेक्षा खाली गोकाक तालुक्यातला धूपदाळचा बंधारा जास्त मोलाचा, कारण तिथं घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कांड्या करकोचे मध्य आशियातून इकडं उतरतात: राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा. रात्री ते उथळ पाण्यात उभे राहतात, उजाडल्यावर थव्यानं शेतात चरायला जातात आणि दुपारी पुन्हा पाण्यावर येतात. म्हणून एकतर उजाडायच्या आधी पोचा, नाहीतर अकरानंतर. नऊ वाजता गेलात तर रिकामं पाणी बघून परत याल.

दुर्बीण एकच असली तरी चालते, आळीपाळीनं बघताना बोलणं आपोआप होतं. कपडे मातकट किंवा हिरवट घाला. लाल स्वेटर आणि पांढरी शाल लांबूनच थवा उठवतात. फोटोसाठी जवळ जाऊ नका. वाट किंवा चहाची टपरी विचारायची तर या बाजूला कानडी जास्त चालतं. समोरच्याला 'अण्णा', 'अक्का' म्हणून सुरुवात केली की माणसं शेवटपर्यंत वाट दाखवतात.

गोकाकचा धबधबा जवळच आहे. ५२ मीटरची उडी आणि वर झुलता पूल. मात्र तो पावसाळ्याचा. जानेवारीत धार अगदी बारीक असते, तेव्हा त्याच्यासाठी म्हणून वाट वाकडी करू नका. करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची गोड वडी, घ्यायला गावात थांबलात तर गोष्ट वेगळी.

संध्याकाळ: किल्ला तलाव, रताळी, चांदणं

लांब जाणं जमत नसेल, किंवा साखरपुडा झालाय आणि आठच्या आत घरी पोचायचंय, तर शहरातला किल्ला तलाव पुरेसा आहे. साडेपाचला किल्ल्यातली कमल बस्ती बघा. रट्टांच्या काळातलं, १२०४ सालचं हे जैन मंदिर. छतातल्या दगडी कमळाखाली उभं राहून वर बघायचं. किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिकडं कॅमेरा रोखू नका. मग सव्वासहाच्या सूर्यास्ताला तळ्याकाठी या. येताना पाव किलो कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई, घेऊन ठेवा.

गावात शेत असेल तर त्याहून चांगला बेत रताळ्यांचा. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी थंडीत बाजारात भरपूर असतात. मनगटापेक्षा बारीक, दीडशे-दोनशे ग्रॅमची निवडा. शेणी पेटवा आणि ज्वाळा पूर्ण विझून लाल निखारे उरेपर्यंत अर्धा तास थांबा. इथंच घाई होते: ज्वाळेत टाकलेलं रताळं बाहेरून कोळसा होतं आणि आत कच्चं राहतं. निखारे बाजूला सारून गरम राखेत पुरा, वर थोडे निखारे पसरा, वीस मिनिटांनी उलटा, आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हळू तापलं की आतल्या पिठाची साखर होते, गोडी त्यामुळं येते. काडी आरपार गेली की झालं. खानापूरकडच्या रानात मात्र आग अजिबात नको, डिसेंबरात गवत वाळलेलं असतं.

चांदण्यासाठी पौर्णिमा किंवा तिच्या आदला दिवस धरा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढं रोज पाऊण तासाच्या आसपास उशीर होतो. तारे बघायचे तर उलट, अमावस्येच्या आसपास गच्चीवर घोंगडं टाका. मोबाइल वीस मिनिटं बंद ठेवा, डोळे अंधाराला तेव्हा सरावतात. मृगातले तीन तारे एका रेषेत सापडले की ती रेष खाली वाढवा, व्याध मिळेल; वर वाढवा, रोहिणी आणि पुढं कृत्तिकांचा झुबका. १३-१४ डिसेंबरच्या रात्री दहानंतर मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात.

बाहेर पडता आलं नाही तर: दोघांनी हलवा

पहिली संक्रांत असेल तर तिळाचा हलवा घरी करण्यासारखी दुसरी भेट नाही. यालाही पहाटच लागते, कारण दाण्यावरचा साखरेचा काटा कोरड्या, गार हवेतच फुलतो.

दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घाला, वर येणारी मळी काढा, पाक फडक्यातून गाळा. बोटांना चिकटेल इतकाच हवा, पक्की तार नको. अर्धी वाटी पांढरे तीळ परातीत घेऊन परात अगदी मंद आचेवर ठेवा. एकानं छोटा चमचाभर पाक सोडायचा, दुसऱ्यानं बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवायचं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पुढचा चमचा नाही. पहिले दहा-पंधरा चमचे नुसता पांढरा लेप चढतो, काटा त्यानंतर दिसतो.

गठ्ठे झाले तर पाक जास्त पडला. पिवळट भुकटी सुटली तर आच मोठी आहे. काटे येऊन मोडले तर हात जड पडतोय, बोटं बदला. पाक घट्ट झाला तर चमचाभर पाणी घालून कोमट करा. रोज दोन तास, तीन पहाटा धरा. मध्येच आभाळ भरून आलं तर त्या दिवशी परात काढूच नका. दाणे कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा आणि हवा पुन्हा कोरडी झाली की तिथूनच पुढं सुरू करा.