सायकलवरचे जुने रोलर-इंजिन पुन्हा चालू करताना

दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोल आणि पैसा या दोन्हींची चणचण असताना, साध्या सायकलला बळ देणारी लहान इंजिने अनेक देशांत निघाली. इटलीतले डुकाटीचे ४८ सीसीचे कुच्चोलो पायडलच्या आसापाशी बसे, इंग्लंडचे सायकलमास्टर मागच्या चाकाच्या मधोमध मावे, तर फ्रान्सच्या वेलोसोलेक्सचे इंजिन पुढच्या टायरवर रोलर टेकवून सायकल ओढी. रोलरच्या इंजिनात चेन किंवा गिअर नसल्यामुळे ते घरी दुरुस्त करणे सर्वांत सोपे जाते. पुढील माहिती अशाच, वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी आहे.

इंजिनाला हात लावण्याआधी सायकल नीट करावी. आपल्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती, हे मला इथे आवर्जून आठवते. चाक आऊट, म्हणजे फिरताना वेडेवाकडे होत असेल तर रोलर प्रत्येक फेऱ्यात एकदा घट्ट आणि एकदा सैल टेकतो, आणि घसरला की टायर त्याच जागी झिजतो. म्हणून आधी स्पोक ताणून आऊट काढावा, छर्रे धुऊन ग्रीस भरावे आणि ब्रेकचे रबर नवे घालावे.

आता रोलर. तो ५० मिमी व्यासाचा असेल, तर ताशी ३० किमी वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते, मग चाक २६ इंची असो वा २८ इंची. कारण टायरच्या पृष्ठाचा वेग तोच राहतो. रोलर झिजून ४६ मिमीचा झाला, तर तितक्याच फेऱ्यांत वेग ८ टक्क्यांनी घटतो. म्हणून व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) तो दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजावा, आणि मध्ये खळगा पडला असेल तर लेथवाल्याकडून नवा करून घ्यावा. टायरमध्ये हवा कडक ठेवावी आणि रोलर घसरणार नाही इतकाच दाबावा. जास्त दाबला तर टायर तापतो आणि आधीच एक अश्वशक्तीहून कमी असलेले बळ त्यातच खर्ची पडते.

इंजिनाचा प्लग काढून आत थोडे तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मगच हाताने फिरवावे. मॅग्नेटोचे, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचे, उघडमीट करणारे पॉइंट पेट्रोलच्या फडक्याने पुसून, मूळ माप माहीत नसल्यास फट ०.४ मिमी ठेवावी. टाकीतला गंज पूर्ण काढावा. १ लिटर पेट्रोलला ४० मिली टू-स्ट्रोक तेल घालावे. टाकीवर यापेक्षा जास्त तेल लिहिलेले असेल तर ते प्रमाण पाळावे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर खराब करते, त्यामुळे काम झाल्यावर टाकी रिकामी करणे हिताचे असते. माझे इंजिन गरम झाल्यावर आपोआप जोरात फिरू लागले होते. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून हवा शिरत होती. असे दिसताच थांबावे, कारण हवा जास्त आणि पेट्रोल-तेल कमी अशा कोरड्या मिश्रणाने पिस्टन चिकटतो.

कायद्याचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतचे, चारपेक्षा कमी चाकांचे वाहन मोटार वाहन ठरत नाही. सायकलमास्टरचे पहिले इंजिन २५.७ सीसीचे होते, म्हणजे तेही या मर्यादेबाहेरच पडते. म्हणून रस्त्यावर आणण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

पहिली फेरी सांगली-मिरजेच्या सपाटीवर, पाऊस नसताना काढावी. ओल्या टायरवर रोलर घसरतो. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका दाबून पायडल मारत वेग घ्यावा, रोलर टेकवावा आणि खटका सोडावा. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात मात्र पायडल मारावेच लागतील. दोन-तीन किलोमीटरनंतर प्लग काढून पाहावा: टोक बदामी असेल तर मिश्रण योग्य आहे, पांढरे पडले असेल तर हवा कुठून शिरते ते पुन्हा शोधावे.