अर्ज लिहिण्याआधी विषय कुणाच्या वाट्याचा, ते पाहा

तक्रार कितीही खरी असली तरी चुकीच्या कार्यालयात दिली की ती आवक-जावक नोंदवहीतच फिरत राहते. कामांची वाटणी संविधानाच्या 7व्या अनुसूचीत आहे. मोबाइल, रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. शेती, जमीन, पोलीस, सरकारी दवाखाना राज्याकडे. वीज, शिक्षण, वन हे समवर्ती सूचीत, म्हणजे कायदा दोघेही करू शकतात.

घोळ होतो तो कायदा एकाचा आणि अंमल दुसऱ्याचा असतो तिथे. रानडुकरांनी तूर फस्त केली, तर वन्यजीव कायदा संसदेचा, 1972चा. पण पंचनामा आणि भरपाई राज्याच्या वन विभागाची. म्हणून भरपाईसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज द्या. कायदा बदलायचा असेल तर खासदाराला धरा. कापसाचंही तसंच. हमीभाव केंद्र जाहीर करतं, त्या भावानं खरेदी करणारं सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळही केंद्राचं. मात्र बाजार समितीतल्या काट्यात किंवा अडतीत गडबड असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जायचं.

रस्त्यासाठी किलोमीटरचा दगड पाहा. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्यमार्गाचं. गावजोड रस्ता बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतो.

आमदार मंत्री नसेल, तर तो खात्याला आदेश देऊ शकत नाही. त्याचं बळ सभागृहात आहे. सरकार विधानसभेच्या बहुमतावर उभं असतं, म्हणून मंत्र्याला तिथं उत्तर द्यावं लागतं, प्रश्न विरोधी आमदाराचा असला तरी. 288 पैकी 62 आमदार विदर्भाचे आहेत आणि हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. ही संधी वाया घालवू नका. प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात तर तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाची, वेळ टळलेली असते. दिवाळीच्या सुमारासच गट क्रमांक, अर्जाची तारीख आणि पोच आमदाराच्या हाती द्या. "आमच्या भागात फार त्रास आहे" एवढ्यावर नेमका प्रश्न तयार होत नाही. तलाठ्याबद्दल खासदाराकडे गेलात, तर तो फार तर पत्र देईल. निव्वळ राज्याच्या विषयावरचा प्रश्न लोकसभेत स्वीकारला जात नाही.

गावाचा प्रश्न असेल तर अर्जाला ग्रामसभेचा ठराव जोडा, क्रमांक आणि तारखेसह. गडचिरोलीतल्या पेसा गावांत (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) तर तेंदू-बांबूबाबत ग्रामसभेलाच अधिकार आहेत. तिथं आधी ग्रामसभा बोलवा, मग तालुक्याला जा.