मंदासी बिघडते ती पुरीच्या सवयीने

मंदासी म्हणजे सोमाली घरांतला वेलचीचा, यीस्टने फुगवलेला, तळलेला तिकोनी प्रकार. पाव आणि पुरी यांच्या मधलं काहीतरी. 'बुर' असंही म्हणतात. मी सहा वर्षं नैरोबीत होते, ईस्टलीच्या जवळ. ईस्टली ही तिथली सोमाली वस्ती. परत आल्यापासून मैत्रिणी फोटो पाठवतात, "बघ गं, काय चुकलं?" फोटो उघडायच्या आधीच मला अंदाज असतो. बाईने मंदासीच्या नावाखाली पुरी केलेली असते.

आधी माझं प्रमाण: अर्धा किलो मैदा, 80 ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे पातळ तूप, 12–15 वेलच्या आणि साधारण 300 मिली कोमट दूध. किनाऱ्याकडे दुधाऐवजी नारळाचं दूध घालतात. कोकणातल्या माणसाला तेच आवडेल.

आता चुका, एकेक करून. पीठ घट्ट भिजवणं. हात चिकट झाले की आपला जीव वर-खाली होतो आणि दुसरा हात मैद्याच्या डब्यात जातो. तो डबा कट्ट्यावरून उचलून फडताळात ठेवा. पीठ पहिली पाच मिनिटं चिकटणारच. मी हाताला तूप लावते आणि दहा मिनिटं मळते. मोबाइलवर लावलेली दोन गाणी संपेपर्यंत, असा माझा हिशेब. मग तेच पीठ परात सोडतं आणि कानाच्या पाळीसारखं लुसलुशीत होतं. घट्ट पिठाची मंदासी गरम असताना बरी लागते, तासाभराने तिने खिळा ठोकावा.

तेल कडक तापवणं. ही चूक मी स्वतः केली आहे, तीही चारचौघांत. नैरोबीतला माझा पहिला रमजान. वरच्या मजल्यावरच्या सोमाली बाईंना सगळी मुलं 'एद्दो' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. एद्दो म्हणजे आत्या. त्यांनी इफ्तारला बोलावलं आणि मी तोऱ्यात म्हटलं, मंदासी मी आणते. पुऱ्यांवर हात बसलेला, त्यात काय मोठं! कढईतून धूर निघेपर्यंत तेल तापवलं, वीस मिनिटांत चाळीस नग काढले. रंग असा की कुणीही फसावं.

सतरंजीवर खजूर, संबूस (म्हणजे सामोसे), बजिये मांडलेले. बजिये म्हणजे नावाने आपलीच भजी, पण वाटलेल्या चवळीची. एद्दोच्या नातवाने माझी मंदासी तोडली आणि आतून कच्च्या पिठाची तार निघाली, चीजसारखी लांब. पोरगं ती तार बोटाला गुंडाळत बसलं. एद्दोंनी एक घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोले." स्वाहिलीत 'पोले पोले' म्हणजे हळूहळू, आणि नुसतं 'पोले' म्हणजे 'वाईट वाटलं हो'. त्या शिकवत होत्या की सांत्वन करत होत्या, आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी मला स्वतःच्या ओट्यापाशी उभं केलं. तेलात पिठाची गोळी टाकली. ती तळाशी बसली, भोवती बारीक बुडबुडे आले आणि मनात चार मोजेपर्यंत सावकाश वर आली. हेच तेल हवं. पुरीच्या तेलात गोळी लगेच उसळते, ते तेल इथे नको. थर्मामीटर असेल तर 170 अंश, पण माझा भरवसा गोळीवर. गॅस मध्यमपेक्षा कमी आणि एका वेळी चार-पाचच नग. टाकल्याबरोबर झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं, म्हणजे वरची बाजूही फुगते. एवढा वेळ उभं राहायचा कंटाळा असेल तर सरळ शंकरपाळे करा, ते बिचारे सगळं सहन करतात.

कच्ची निघालीच, तर पुन्हा तळू नका, तेल पिते. ओव्हनमध्ये 160 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा.

यीस्टऐवजी खायचा सोडा. "पटकन होतं ना!" होतं की. फक्त चव साबणाकडे झुकते आणि यीस्टचा तो पावासारखा वास येत नाही.

घड्याळ बघून पीठ फुगवणं. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पीठ भरभर फुगतं. तिथला पाऊण तास पुण्याच्या डिसेंबरात दीड तास होतो, मे महिन्यात पुन्हा पाऊण. दुप्पट झालं की झालं. दूध बोटाला चटका देत असेल तर यीस्ट मरतं, मग रात्रभर ठेवलंत तरी गोळा जागचा हलणार नाही.

लाटून उघडं ठेवणं. पापुद्रा धरतो आणि मंदासी फुगायच्या ऐवजी तडकते. अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, तिकोन कापा, ओलसर फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा. लाटताना मैदा भुरभुरू नका, तो तेलात जळून काळे ठिपके धरतात. पोळपाटाला तुपाचा हात पुरतो.

हवाश घालणं. मसालेदार सोमाली पदार्थ म्हटलं की लोक जिरं, धणे, मिरी, हळदीचा हा मसाला ढकलतात. हवाश मटणाचा आणि भाताचा. मंदासीला वेलची.

आणि वेलची विकतच्या पुडीतली नको. मी दाणे साखरेबरोबर खलात कुटते, थोडे जाडसर ठेवून, म्हणजे मधेच एखादा दाताखाली येतो. उरलेली सालं फेकू नका. दालचिनी, लवंग, आल्याबरोबर चहाच्या आधणात टाका. सोमाली त्या चहाला 'शाह' म्हणतात आणि त्यात साखर आपल्या दुप्पट घालतात. एद्दोंकडे मी माझ्यापुरती कमी करायला सांगून बघितली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि अजून एक चमचा घातला.