गढूळ, पाणचट, कडू: फळांच्या आईस टीच्या या चुका टाळा

दर उन्हाळ्यात मला दोन-तीनदा तरी तोच फोन येतो. पाहुणे बाहेर बसलेले असतात आणि फोन करणारी स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात विचारते, "अगं, आईस टी गढूळ झालाय. आता काय करू?" मी विचारते, कधी केलास? उत्तर ठरलेलं: "हा काय, अर्ध्या तासापूर्वी." पुढचं ऐकायची गरजच उरत नाही.

चहा, बर्फ, फळ. जिन्नस तीनच, म्हणून काम पाहुण्यांची बेल वाजल्यावर सुरू करण्याजोगं आहे असा सगळ्यांचा समज असतो. हाताला काम पंधरा मिनिटांचंच आहे, हे खरं. पण ती पंधरा मिनिटं आदल्या रात्रीची असतात. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या निम्म्या घाईच्या पोटी जन्मलेल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक मी स्वतः करून बसले आहे.

गरम आणि कडक चहा थेट फ्रीजमध्ये

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिने माझीच सगळ्यांसमोर शोभा केली आहे.

अकरा माणसं चार वाजता यायची होती. मी दुपारी एकला चार लिटर चहा केला, आणि पुढे बर्फ पडणार म्हणून मुद्दाम दणदणीत कडक केला. वाफ येत असतानाच दोन मोठ्या जगांत भरून फ्रीजमध्ये ढकलला. साडेतीनला दार उघडलं तर जगात चहा नव्हताच, पावसाळ्यातल्या डबक्याचं पाणी होतं. मी म्हटलं, फळाचा गर घालू, म्हणजे लपेल. पीचचा गर घातला. आता डबक्यात शेवाळंही आलं. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं की उकळतं पाणी ओतलं की चहा निवळतो. एका जगात किटलीभर ओतलं. खरंच निवळला! मला इतका आनंद झाला की चहा आता कोमट झालाय हे लक्षातच आलं नाही. गार करायला भराभर बर्फ टाकला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा गढूळ होत गेला. हा खेळ मी दोनदा केला. शेवटी पाणचट, गढूळ आणि धड गारही नसलेला तो चहा स्टीलच्या पेल्यांत भरून दिला, म्हणजे कुणाला रंग दिसू नये. एका पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने पेल्यात डोकावून खणखणीत आवाजात विचारलं, "मावशी, यात भांडी धुतली का?"

त्या दिवशी जे झालं त्यामागे साधं कारण आहे. चहा गरम असतो तेव्हा त्यातलं कॅफिन आणि त्याला रंग व तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल्स पाण्यात नीट विरघळलेली असतात. गार होऊ लागला की ती एकमेकांना धरतात, त्यांचे बारीक कण होतात आणि ते तरंगत राहतात. चहावाले याला 'टी क्रीम' म्हणतात. दुधाशी याचा काही संबंध नाही, आणि पोटाला त्रासही नाही. चहा जितका कडक तितका गढूळपणा जास्त. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर आणखी जास्त. गरम केला की कण परत विरघळतात, गार केला की परत येतात. त्यामुळे माझा तो किटलीचा खेळ मी रात्रीपर्यंत खेळत बसले असते तरी जिंकले नसते.

आता मी गरम चहा करतच नाही. रात्री झोपायच्या आधी लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम पानांचा चहा टाकते (माझ्या चमच्याने चार ते पाच सपाट चमचे), झाकण लावते आणि फ्रीजमध्ये ठेवून देते. आठ ते बारा तासांनी गाळते. गार पाणी चहातला कडवटपणा आणि तुरटपणा गरम पाण्याइतका ओढून काढत नाही, त्यामुळे चहा सहसा निवळशंख राहतो आणि फळाची चवही वर येते. गाळताना पत्ती पिळायची नाही. चहाच्या पिशव्या वापरत असाल तर त्याही पिळायच्या नाहीत. "अर्क वाया जातो" म्हणून पिळणारे लोक मला माहीत आहेत; तो अर्क म्हणजे शुद्ध तुरटपणा. पत्ती निथळू द्या आणि टाकून द्या. सीटीसीचा बारीक दाणेदार चहा दुधाच्या चहाला उत्तम, पण त्याचा अर्क झपाट्याने उतरतो. घरात तोच असेल तर कमी घाला आणि वेळेआधी चाखून बघा.

गरमच करायचा असेल तर काळ्या चहाला जवळजवळ उकळतं पाणी आणि चार मिनिटं, हिरव्याला ऐंशी अंशांच्या आत आणि दोन-तीन मिनिटं. मग गाळायचा, ओट्यावर झाकून खोलीइतका गार होऊ द्यायचा आणि नंतरच फ्रीज. "जास्त वेळ ठेवला की जास्त चव" हे खोटं आहे. जास्त वेळ ठेवला की जास्त तुरट. चव वाढवायची तर पत्ती वाढवा, मिनिटं वाढवू नका.

बर्फावर भरवसा

दुसरी लाडकी चूक: गरम चहा आहे, बर्फ आहे, एकावर एक ओतलं की झालं.

जरा हिशेब करू. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. ऐंशी अंशांवरचा अर्धा लिटर चहा पाच अंशांवर आणायचा तर साधारण ४४० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे जेवढा चहा, जवळजवळ तेवढंच पाणी तुम्ही त्यात ओतलंत. चहा, साखर, फळ, सगळं निम्म्यावर. बरं, खोलीच्या तापमानाला आलेला, म्हणजे तीस अंशांवरचा चहा घेतला तरी लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ खर्ची पडतो. यावर लोकांचा उपाय काय, तर चहा दुप्पट कडक करायचा. मग तो गढूळ होतो. मग मला फोन येतो.

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात उकाड्यामुळे गरम चहाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून रिचर्ड ब्लेचिंडन यांनी तो बर्फावर दिला आणि आईस टी जन्माला आला, अशी एक गोष्ट हौसेने सांगितली जाते. त्या प्रदर्शनाने आईस टीला नाव मिळवून दिलं असेल, पण १८७९ मधल्या एका अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती आधीच छापलेली आहे. त्यात हिरवा चहा सकाळच्या न्याहारीच्या वेळी करायला सांगितलाय, आणि तो प्यायचा थेट संध्याकाळी. गाळायचा, निवळू द्यायचा, तळाचा गाळ मागे ठेवून वरचा ओतून घ्यायचा. फ्रीज नव्हता तेव्हाच्या बाईला जे कळत होतं ते आपल्याला कळू नये?

माझा नियम असा की बर्फ चहा गार करायला नाही, गार झालेला चहा गार ठेवायला. चहा, पाक, फळाचा रस, सगळं आधीच फ्रीजमध्ये गार झालेलं पाहिजे, ग्लाससुद्धा. बर्फ मोठ्या तुकड्यांचा, आणि ओतायच्या क्षणी ग्लासात. जगात बर्फ टाकून जग टेबलावर मांडून ठेवला तर पहिल्याला आईस टी मिळतो आणि शेवटच्याला चहाची आठवण. बिया नसलेली द्राक्षं किंवा बेरी आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये टाकून ठेवली तर निम्मा बर्फ वाचतो, आणि ती वितळून चहात पाणीही होत नाही. लहान मुलं असतील तर मात्र गोठलेली अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात. उभी चिरून गोठवा.

उकळता चहा बर्फ ठेवलेल्या काचेच्या जगात ओतू नका. काच तडकते. एकदा तडकली की सगळा चहा फेकावा लागतो, कारण काचेचे कण गाळणीने जातील यावर मी विश्वास ठेवणार नाही.

फळ चहाबरोबर उकळणे

सगळं एका पातेल्यात टाकून उकळलं की "फ्लेवर उतरतो", असं कुणीतरी कुठेतरी सांगून ठेवलंय. उतरतो, पण मुरांब्याचा. ताज्या फळाचा वास उडून जातो, फळातलं पेक्टिन सुटतं आणि चहा गढूळ तर होतोच, वर जिभेला बुळबुळीतही लागतो.

मी फळ साखरेत मुरवते. पाव किलो स्ट्रॉबेरी, पीच किंवा संत्र्याच्या सोललेल्या फोडी, त्यावर चार मोठे चमचे साखर, हलक्या हाताने कालवून झाकून फ्रीजमध्ये दोन तास. साखर फळातला रस ओढून बाहेर आणते. दोन तासांनी वाडग्याच्या तळाशी जो लाल किंवा केशरी पाक साचलेला असतो, तो बोटाने चाखून बघा, मग मला बाटलीतल्या सिरपबद्दल विचारा. हा पाक गाळून चहात जातो, फोडी ग्लासात जातात. लिटरभर चहाला एवढं पुरतं.

मिक्सरमधून फळ काढलंत तर फेस येतो, आणि अर्ध्या तासात गर तळाशी व पाणी वर असे दोन मजले तयार होतात. काढायचंच असेल तर पातळ फडक्यातून गाळा, आणि फडकं दाबू नका. आंब्यासारखं दाट फळ तर मी आईस टीत घालतच नाही. ते चहाला दाबून टाकतं. मग चहा कशाला हवा? केळ्याबद्दल कुणी विचारूही नये. कलिंगडाचं नुसतं पाणी होतं, त्याला लिंबाचा टेकू लागतो. थोडी आंबट फळं चहाशी जुळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

राहिलेल्या चुका, भराभर

गार चहात कोरडी साखर टाकून ढवळत बसणे. ती तळाशीच राहते आणि शेवटचा घोट गोड लागतो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन गरम करून पाक करा, गार करा, बाटलीत भरून ठेवा. मध घालायचा तर आधी कोमट पाण्यात सैल करून, नाहीतर त्याची गोळी होऊन बसते.

गोडी कोमट असताना ठरवणे. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. बर्फ घातलेल्या ग्लासात चाखा, मगच पाक वाढवा.

लिंबाच्या चकत्या रात्रभर जगात. सालीखालचा पांढरा भाग सकाळपर्यंत सगळा जग कडू करून ठेवतो. रस पिळा, तोही शेवटी; चकती ग्लासाच्या काठावर शोभेला. आणि लिंबू पिळल्यावर काळ्या चहाचा रंग फिका होतो म्हणून घाबरून आणखी चहा ओतू नका. आंबटपणामुळे रंग बदलतो, चहा पातळ होत नाही.

लोखंडी भांडं. चहातली टॅनिन्स आणि लोह मिळून शाईसारखा काळा रंग होतो. काच किंवा स्टील.

उघडा जग फ्रीजमध्ये. शेजारी चिरलेला कांदा असेल तर तुमच्या पीच टीला कांद्याचा वास येणार. झाकण लावा.

पुदिना आधीच चुरगाळून घालणे. तासाभरात काळा पडतो. तळहातावर एकदा आपटायचा आणि वाढताना टाकायचा.

उन्हात बरणी ठेवून केलेला चहा. फोटोत फार सुंदर दिसतो. पण बरणीतलं पाणी फार तर पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापतं. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, आणि तासन्‌तास कोमट राहिल्यावर उलट त्यांचं फावतं. ज्यांना उन्हाची हौस आहे त्यांनी उन्हात बसावं, चहा फ्रीजमध्ये ठेवावा.

संध्याकाळी मुलांना किंवा झोपेची तक्रार असणाऱ्यांना न विचारता देणे. गारेगार असला तरी तो चहाच आहे, कॅफिनसकट. त्यांच्यासाठी वाळवलेल्या जास्वंदीचा वेगळा छोटा जग करते. रंग असा येतो की मोठी माणसंही तोच मागतात.

तयार पावडर. यावर बोलू नये असं ठरवलं होतं. बहुतेक पाकिटांच्या मागे घटकांची यादी वाचा. पहिलं नाव साखरेचं असतं आणि चहा शोधावा लागतो. वापरा, पण मग "घरी केलाय" म्हणू नका.

फळ घातलेला उरलेला चहा दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, नाहीतर ओतून द्या. टेबलावर दोन-तीन तास राहिलेला जग परत फ्रीजमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे मी पाणी पिते.

आणि हे वाचत असताना तुमचे पाहुणे अर्ध्या तासावर आले असतील, चहा अजून केलेला नसेल, तर फ्रीजरमध्ये गरम पातेलं कोंबू नका. लिंबू पिळा, तो तयार पाक घाला, चिमूटभर मीठ टाका आणि सरबत द्या. आईस टी उद्याच्या पाहुण्यांना.