पदव्युत्तर विद्यार्थी मंडळासाठी आर्थिक साहाय्य मागण्यापूर्वीची तयारी

विद्यापीठातील एखाद्या विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थी मंडळाला वर्षभरात दोन दिवसांचे चर्चासत्र, एक वार्षिक अंक आणि चार-दोन व्याख्याने करायची असतील, तर कोणाकडेही पैसे मागण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लेखी तयार असावे. दिलेली रक्कम कोणाच्या नावाने, कोणत्या खात्यात जमा होणार आणि तिची पावती कोण देणार, हा तो प्रश्न होय. विनंतीपत्राच्या भाषेवर बराच वेळ खर्च होतो आणि हा मुद्दा मात्र देणाऱ्याने विचारेपर्यंत तसाच राहतो. साहाय्य हातचे जाते ते बहुधा इथेच.

म्हणून सुरुवात मंडळाच्या स्थानापासून करावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे, परंतु विभागापुरते चालणारे मंडळ हे बहुतेक वेळा विभागप्रमुखांच्या संमतीने उभे राहिलेले असते आणि त्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. अशा मंडळाची कार्यकारिणी कधी निवडली गेली, मार्गदर्शक प्राध्यापक कोण आहेत आणि निधी मागण्याचा ठराव कोणत्या बैठकीत झाला, याचे इतिवृत्त सह्यांसह फाइलला लावलेले असावे. स्वतंत्र संस्था नोंदवावी का, असा विचार दरवर्षी कोणीतरी मांडतो. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली सात सभासदांनी ती नोंदवता येते, पण महाराष्ट्रात तिच्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणी, वार्षिक लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ते कळवणाऱ्या बदल-अर्जांची जबाबदारीही येते. ज्या मंडळाचे सगळे पदाधिकारी दोन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, त्याने या वाटेला न गेलेले बरे. विद्यापीठाच्या किंवा विभागाच्या अधिकृत खात्यात रक्कम जमा करून घ्यावी आणि वित्त व लेखा विभागाकडून तिच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातील वेगळी नोंद, मागून घ्यावे. खर्चाला वेळ लागतो, देयके अडतात, ही तक्रार खरी आहे. तरीही कोषाध्यक्षाच्या मोबाइलवरील क्यूआर कोड भित्तिपत्रकावर छापण्यापेक्षा हा उशीर पत्करावा. गणेशोत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे सर्वांना माहीत असते. नोंदणी नसलेल्या विद्यार्थी मंडळाने आवाराबाहेर पावतीपुस्तक घेऊन फिरण्यापूर्वी तेच लक्षात ठेवावे.

यानंतर अंदाजपत्रक. ते एका पानाचे असावे आणि प्रत्येक रकमेमागे दरपत्रक किंवा मागील वर्षाचे देयक असावे. वक्त्यांचा प्रवास, अतिथिगृहातील मुक्काम, मानधन, चहा-भोजन, छपाई आणि टपाल या बाबी वेगळ्या दाखवाव्यात. ‘इतर खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम ठेवू नये, कारण वाचणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते. नोंदणी शुल्कातून आणि सभासदांच्या वर्गणीतून किती रक्कम उभी राहणार आहे, हेही त्याच पानावर असावे. ज्या मंडळाने स्वतःच्या खिशातून काहीच घातलेले नाही, त्याला बाहेरचा माणूस हात आखडता घेऊनच देतो.

मागणीचा क्रम घरातून बाहेर असा ठेवावा. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या शुल्काच्या पावतीवर विद्यार्थी उपक्रमांसाठी कोणकोणत्या रकमा घेतल्या आहेत ते पाहावे आणि त्यांतून विभागाला काही मिळते का, याची विद्यार्थी विकास विभागाकडे विचारणा करावी. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असल्याने पुढील वर्षाची मागणी विद्यापीठाचा अर्थसंकल्प तयार होण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, विभागप्रमुखांमार्फत गेलेली बरी. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला निधी संपल्याचेच उत्तर येते. अर्ज दिल्यावर पोच प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. चर्चासत्रासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेसारख्या संस्था अनुदान देतात, पण तो प्रस्ताव विभागातील प्राध्यापकांच्या नावे आणि संस्थेमार्फत जातो. तेव्हा मंडळाने विषयाची मांडणी, वक्त्यांची संमतिपत्रे आणि खर्चाचा तपशील तयार करून प्राध्यापकांच्या हाती द्यावा, आणि बाकीचा पाठपुरावा त्यांच्यावर सोडावा.

बाहेर पडल्यावर सर्वांत जवळचे दार माजी विद्यार्थ्यांचे. त्यांची यादी बॅचवार करावी, प्रत्येकाला वर्गमित्राकडून किंवा ओळखीच्या प्राध्यापकांकडून पत्र जाईल असे पाहावे आणि मागणी ठरावीक कामाची असावी: एका वक्त्याचा प्रवास, अंकाच्या छपाईचा काही भाग, ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे नोंदणी शुल्क. ‘यथाशक्ती मदत करावी’ असे लिहिले की वाचणारा पत्र बाजूला ठेवतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरील सवलत पत्रात ठळक करण्यापूर्वी विद्यापीठाकडे ती मान्यता चालू आहे का, हे वित्त विभागाकडून लेखी घ्यावे. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या पत्राचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. दोन हजार रुपयांपेक्षा अधिकची देणगी रोखीने दिल्यास ही सवलत मिळत नाही, आणि ज्यांनी कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ती कोणत्याही रकमेवर नाही. नोकरदार माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण याच गटात असतात. करसवलतीच्या आशेवर मागणी उभी करणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही.

परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांबाबत अधिक सावध राहावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली विदेशी मानली जात नाही. अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्याची रक्कम मात्र, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी ठरते आणि नोंदणी अथवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही. ‘पुण्यातल्या भावाच्या खात्यातून पाठवतो’ असा प्रस्ताव प्रेमापोटीच येतो, पण तो नम्रपणे नाकारावा आणि प्रकरण वित्त व लेखा अधिकाऱ्यांसमोर ठेवावे.

स्थानिक नागरी सहकारी बँका, पतसंस्था, पुस्तकविक्रेते आणि मुद्रक यांच्याकडे स्मरणिकेची जाहिरात मागण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यासाठी मलपृष्ठ, पूर्ण पान आणि अर्धे पान यांचे छापील दरपत्रक, मजकूर देण्याची अंतिम तारीख आणि अंकाच्या प्रतींची संख्या सोबत न्यावी. जाहिरात आणि देणगी यांतील फरक करातही आहे. देणगीदाराचे नाव केवळ कृतज्ञतेपोटी लावले तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, असे २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. व्यवसायाची प्रसिद्धी करून देण्याच्या बदल्यात रक्कम घेतली तर ती सेवा ठरते, आणि तिचे देयक कसे करायचे हे आधी विचारून घ्यावे.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीकडे, म्हणजे सीएसआरकडे, पाहून हुरळून जाऊ नये. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार पाचशे कोटींचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम), हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्या यादीत आहे. परंतु उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या निधीत धरले जात नाही. व्यासपीठामागे कंपनीचा फलक लावण्याचे आमिष दाखवून सीएसआर मागणे ही मागणीच चुकीची. विभागाच्या ग्रंथालयासाठी अंधवाचकांची उपकरणे किंवा वर्षभराची अभ्यासवृत्ती असा टिकणारा प्रकल्प असेल, तर तो विद्यापीठामार्फत पाठवावा; स्वागत समारंभासाठी या दारी जाऊ नये.

पत्र एका पानाचे, विभागाच्या शीर्षपत्रावर, सचिव आणि मार्गदर्शक प्राध्यापक यांच्या सह्यांचे असावे. सोबत अंदाजपत्रक, मागील वर्षाचा जमाखर्च आणि खात्याचा तपशील जोडावा. रक्कम आल्यावर आठवड्याच्या आत पावती, कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत खर्चाचा गोषवारा, आणि अनुदान असल्यास विहित नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, जावे. ही तिन्ही कामे कोण करणार, त्याचे नाव मागणीच्या ठरावातच लिहून ठेवावे, कारण चर्चासत्र संपते तेव्हा परीक्षा तोंडावर असतात. शिल्लक रक्कम उरली तर ती पुढील कार्यकारिणीने वापरावी की परत करावी, हे देणाऱ्याला विचारून त्याचे उत्तर फाइलला लावावे, आणि ती फाइल कपाटाच्या किल्लीसह विभागाच्या कार्यालयात जमा करावी.