मालदीवला जाताना बेटावरचा आपला भार कमी कसा करायचा

मालदीवची राजधानी मालेच्या पश्चिमेला, बोटीने थोड्याच अंतरावर थिलाफुशी नावाचं बेट आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एका उथळ लगूनमध्ये (प्रवाळाने वेढलेल्या पाण्यात) राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा भरत गेला, त्यातून ते तयार झालं. अनेक वर्षं तिथे कचरा उघड्यावर जाळला जात होता. मालदीवची सुमारे १,२०० बेटं समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर वर आहेत. खड्डा खणून पुरायला जागा नाही. त्यामुळे पर्यटकाची खरी तयारी घरी, बॅग भरतानाच सुरू होते.

साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांचे खोके आणि वेष्टनं घरीच काढून ठेवा. चिवडा-लाडू छोट्या पुड्यांत नेऊ नका, एका स्टीलच्या डब्यात भरा. माणशी १ लिटरची बाटली घ्या आणि खोली घेतानाच विचारा, पिण्याचं पाणी भरून घ्यायची सोय आहे का. बहुतेक बेटांवर समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात आणि ती यंत्रं मुख्यतः डिझेलच्या विजेवर चालतात. म्हणजे लांबलेली आंघोळही डिझेल खाते. एक जाड रिकामी पिशवी ठेवा: संपलेले सेल, सनस्क्रीनच्या ट्यूब, औषधांच्या पट्ट्या, ब्लेड, सगळं तिच्यातून परत आणायचं. विमानात सेल केबिन बॅगेत आणि ब्लेड चेक-इनमध्ये टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत अडकाल.

राहायची जागा ठरवण्याआधी गूगल अर्थवर त्या बेटाची जुनी उपग्रहचित्रं लावून पाहा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी निळ्या पाण्याच्या जागी आज सरळ कडांची पांढरी जमीन दिसली, तर तिथे भराव झाला आहे. तळ उपसताना उठलेला गाळ आजूबाजूच्या प्रवाळावर बसतो, त्याला सूर्यप्रकाश मिळत नाही आणि तो गुदमरतो. बेटाभोवतीचे गडद पट्टे बऱ्याचदा समुद्री गवताचे असतात. 'स्वच्छ' पाणी दिसावं म्हणून काही रिसॉर्ट ते उपटतात. खरं तर हिरवी कासवं त्यावर जगतात आणि वाळू धरून ठेवण्याचं कामही तेच करतं. गवत राखणारी जागा निवडा.

खर्च मांडताना ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा पर्यावरण कर, वेगळा धरा. १ जानेवारी २०२५ पासून तो रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर आणि ५० पर्यंत खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर आहे. चार मोठी माणसं चार रात्री गेस्टहाउसमध्ये राहिली तर ९६ डॉलर होतात. पॅकेजमध्ये तो धरला आहे का, हे लेखी घ्या.

पर्यटकाच्या हातून प्रवाळाचं बरंच नुकसान स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे मास्क आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर पोहताना होतं, आणि तेही अनेकदा घाबरल्यामुळे. साखळी अशी असते: मास्कच्या कडेखाली केस किंवा मिशी येते, पाणी आत शिरतं, माणूस गडबडतो आणि पायाखाली जे लागेल त्यावर उभा राहतो. ते प्रवाळ असतं. गोलसर, दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतं, म्हणजे एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. १९९८ आणि २०१६ च्या तापलेल्या समुद्राने आधीच पांढरं पडून खूप प्रवाळ मेलं आहे. जे उरलंय त्याला आपला धक्का परवडणारा नाही.

म्हणून जाण्याआधी जवळच्या तरणतलावात दोन-तीनदा सराव करा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढा. तो चिकटून राहिला तरच माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालची कड बारीक कापा. लाइफ जॅकेट ढिलं असेल तर ते वर सरकतं, शरीर उभं होतं आणि फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) खालच्या प्रवाळावर आपटतात. त्यामुळे मांड्यांमधला पट्टा आवळा आणि पालथं, आडवं तरंगायला शिका. लाथ गुडघ्यातून नको, कमरेतून हळू मारा. बेटावर पोचल्यावर भरतीची वेळ विचारा. ओहोटीला रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या कड्यावर, गुडघाभर पाणी असतं, तेव्हा पोहूच नका. मास्क नीट करायचा असेल तर वाळूच्या मोकळ्या पट्ट्यावर या, किंवा गाइडची तरंगती रिंग धरा.

सनस्क्रीन कमी लागावं म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. मग चेहरा, मान, हात आणि पोटऱ्याच उरतात. डबीवर 'रीफ सेफ' लिहिलं की झालं असं समजू नका, घटक वाचा. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट नको, नॅनो नसलेलं झिंक ऑक्साइड चालेल. पलाऊ या बेटराष्ट्राने २०२० पासून या दोन्हींसह अनेक रसायनांवर बंदीच घातली आहे.

देवमुशापासून, म्हणजे व्हेल शार्कपासून, अंगाकडून ३ आणि शेपटीकडून ४ मीटर लांब राहा. पुढून अडवू नका, फ्लॅश मारू नका. मासे टाकून शार्क गोळा करणारी सहल सरळ नाकारा. बा अटॉल या बेटसमूहातल्या हनिफारू उपसागरात मांटा (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा) पाहायला फक्त स्नॉर्कलिंगची परवानगी आहे, डायव्हिंगला बंदी आहे आणि वेळही ठरलेली असते.

जेवणात गळाने एकेक करून पकडलेला कुपा (ट्यूना) मागवा. सकाळी मस हुनी, म्हणजे कुपा, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि सोबत रोशी, म्हणजे तिथली चपाती. ती आपल्या जिभेला लगेच रुळते. गोबरा टाळा, तो उशिरा प्रजननक्षम होतो आणि मुख्यतः निर्यातीसाठीच्या मासेमारीने घटला आहे. पोपटमासाही नको. प्रवाळ खरवडून तो जे बाहेर टाकतो, त्यातूनच तिथली बरीचशी पांढरी वाळू बनते.

शेवटच्या दिवशी मुलांचे खिसे आणि फिन्सची पिशवी झाडून पाहा. रिकामा शंख हे शंखातल्या खेकड्याचं पुढचं घर असतं. प्रवाळाचे तुकडे आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर नेणं तर बेकायदाच आहे. सापडलेलं सगळं ओल्या वाळूच्या रेषेवर परत ठेवा.