ब्लूगिल ओळखताना आणि तळ्यात सांभाळताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतील सनफिश कुळातला ब्लूगिल हा गोड्या पाण्यातील मासा केवळ रंगावरून ओळखू पाहणे, ही सर्वांत नेहमीची चूक आहे. विणीच्या काळात नराची छाती तांबूस-नारिंगी होते, गढूळ पाण्यातला मासा फिकट पडतो आणि अंगावरचे उभे पट्टे कधी ठळक, तर कधी पुसट दिसतात. त्यापेक्षा कल्ल्याच्या झाकणाचे टोक पाहावे: ब्लूगिलमध्ये ते कडेपर्यंत काळे असते, पम्पकिनसीड या त्याच कुळातल्या माशात मात्र त्या कडेला लाल-नारिंगी ठिपका असतो. पाठीवरच्या पराच्या मागील बुडाशी असलेला काळा डाग याच कुळातल्या ग्रीन सनफिशमध्येही आढळतो. पण त्याचे तोंड मोठे आणि छातीचे पर आखूड, गोलसर असतात, तर ब्लूगिलचे तोंड लहान आणि पर लांब, टोकदार असतात. या जातींचा आपसांत संकर होत असल्याने खुणांची सरमिसळ दिसल्यास नाव ठामपणे नोंदवू नये.

एखाद्या सरोवरात ब्लूगिल विपुल आहे म्हणून तो तिथला मूळ रहिवासी ठरत नाही. त्याचा मूळ प्रदेश रॉकी पर्वताच्या पूर्वेला, ग्रेट लेक्सच्या परिसरापासून ईशान्य मेक्सिकोपर्यंत आहे. जपानमध्ये तो 1960 साली तत्कालीन युवराज अकिहितो यांच्यासोबत अमेरिकेतून गेला, पुढे बिवा सरोवरात पसरला आणि तेथील स्थानिक माशांच्या मुळावर उठला. 2007 मध्ये अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

तळ्यातले मासे खुजेच राहत असतील, तर अधिक खाद्य टाकण्याआधी आपण कोणते मासे काढतो हे तपासावे. नर उथळ पाण्यात शेपटीने तळ उकरून बशीसारखे घरटे करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. घरटी एकमेकांना लागून असल्याने नेमके हेच मोठे नर गळाला सहज लागतात. ते गेले की अंडी उघड्यावर पडतातच, शिवाय लहान नर लवकर वयात येतात आणि त्यांची शक्ती वाढीऐवजी प्रजननात खर्च होते. माझ्या मते नुकसानीचे खरे मूळ इथेच आहे. म्हणून घरट्यावरचे नर सोडून द्यावेत, पिले खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवणारे लार्जमाउथ बास हे शिकारी मासे राखावेत आणि काढायचेच असतील तर मध्यम आकाराचे ब्लूगिल काढावेत.

लहान मासा म्हणजे कोवळा मासा, असेही समजू नये. कॅनडातील ओपिनिकॉन सरोवरात घरटे राखणारे नर सुमारे सातव्या वर्षी वयात येतात, तर दुसऱ्याच्या घरट्यात चोरून बीजदान करणारे छोटे नर दुसऱ्याच वर्षी. त्यामुळे वय ठरवताना लांबीवर न विसंबता खवल्यांवरची वार्षिक वलये मोजावीत.